गुणगुणणारं इंजिन : शाहूपुरीतल्या एका जुन्या मॉडेलचं डिजिटल रूपांतर

काकांचा फोन आला तेव्हा मी शिरोलीच्या फाउंड्रीत फर्नेसचं तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलशी झटापट करत होतो. काका म्हणाले, "अरे, इंजिन रुळावर ठेवलंय, पण हलत नाही. नुसतं गुणगुणतंय. आणि गरम व्हायलंय."

"आधी उचला ते. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी उचललं. आणखी पाचेक मिनिटं तसंच राहिलं असतं, तर मला मोटर भरून घेण्याबद्दल लिहावं लागलं असतं.

काका निवृत्त लोको पायलट. घर शाहूपुरीत, स्टेशनच्या हॉर्नच्या टप्प्यात. हयात गेली ती 'अल्को'वर, म्हणजे अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरच्या डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनावर. आता कोल्हापूरच्या लाइनीवर तारा आल्या, विजेची इंजिनं येतात. ती ये-जा काका गच्चीवरून बघतात आणि "आवाजच नाही" म्हणून नाक मुरडतात. त्यांच्या धाकट्या भावानं 1986 साली अमेरिकेहून त्यांना एक मॉडेल इंजिन आणून दिलं होतं : अ‍ॅथर्न कंपनीचं, निळ्या डब्यातलं, त्याच अल्को कंपनीच्या पीए-1 या डिझेल इंजिनाची प्रतिकृती. सांता फे रेल्वेच्या रंगातलं, लाल नाक आणि बाकी अंग चंदेरी. प्रमाण एचओ, म्हणजे 1:87, आणि रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. खरं पीए-1 हे 1946 चं, 2000 अश्वशक्तीचं. डब्ल्यूडीएम-2 ची ताकद 2600. काकांचा हिशेब सरळ होता, "हा आमच्या अल्कोचा थोरला भाऊ." त्या इंजिनासोबत आलेला ट्रान्सफॉर्मर 110 व्होल्टचा. आपल्या 230 वर लावून तो पहिल्याच आठवड्यात गेला, ही गोष्ट काका अजूनही दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी सांगतात.

गेल्या दिवाळीत पुण्याच्या मुलानं त्यांना डिजिटल सेट दिला. नवीन इंजिन, रूळ आणि हातात धरायचा कंट्रोलर. प्लायवूडच्या आठ बाय चार फुटांच्या फळीवर गोल मांडला. नातीला जुनं इंजिनही सोबत पळवायचं होतं, म्हणून तिनं ते कपाटातून काढून सरळ रुळावर ठेवलं. तिथून फोन मला.

गुणगुण कशाची, ते आधी सांगतो. जुन्या पद्धतीत रुळात डीसी असतो, शून्यापासून 12 व्होल्टपर्यंत. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की दिशा बदलते. इंजिनाला स्वतःची अक्कल नाही, सगळी अक्कल ट्रान्सफॉर्मरच्या बटणात. म्हणून एका रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदम पळतात. डिजिटलमध्ये, ज्याला सगळे डीसीसी म्हणतात, रुळावर कायम चौदा-पंधरा व्होल्ट असतात, पण दर काही मायक्रोसेकंदांनी त्यांची बाजू पालटते. त्या पालटण्याच्या वेळेतच निरोप असतो. अर्धा ठोका 58 मायक्रोसेकंदांचा असेल तर तो '1', शंभर किंवा जास्त असेल तर '0'. इंजिनाच्या पोटातला डिकोडर हे ठोके वाचतो, आपला नंबर पुकारला का ते बघतो आणि मग स्वतः मोटरला डीसी देतो. ही पद्धत 1980 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत लेन्झ यांनी उभी केली आणि अमेरिकेच्या एनएमआरए या संघटनेनं पुढच्या दशकात तिचं मानक केलं. काकांचं इंजिन त्याच्याही आधीचं. त्याच्या पोटात फक्त मोटर. तिला हे पंधरा व्होल्ट सेकंदाला आठ-साडेआठ हजार वेळा इकडून तिकडे ढकलतात. सरासरी शून्य, म्हणून ती फिरत नाही. करंट मात्र वाहतोच, त्यानं तारा तापतात आणि पत्रा थरथरतो. तीच गुणगुण.

उपाय म्हणजे जुन्या इंजिनाच्या पोटात डिकोडर बसवायचा. व्यवहारानं पाहिलं तर हे रूपांतर आतबट्ट्याचं होतं. डिकोडरच्या पैशांत थोडी भर घातली तर वापरलेलं डिजिटल इंजिन मिळतं. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या इंजिनासाठी वेगळा डीसी गोल मांडायचा. मी दोन्ही सुचवलं. काकांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पुण्यात त्या जोश्यांच्या संग्रहालयात मी नातीला घेऊन गेलो होतो. तिथं किती गाड्या एकदम फिरतात बघितलास? माझी दोन फिरू देत." भाऊ जोशींचं ते लघु रेल्वे संग्रहालय कोथरूडला आहे, 1998 पासून. तिथून परतलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मोजमाप

डिकोडर निवडण्याआधी मोटर किती करंट खाते ते बघावं लागतं. त्यातही ती अडकली तर किती खाते हा आकडा महत्त्वाचा. टरफल काढलं (चार खाचांवर बसलेलं असतं, बाजूनं हलकं फाकवलं की निघतं) आणि बारा व्होल्टच्या बेंच सप्लायवर मीटर सिरीजमध्ये लावला. मोकळी चालताना 0.38 अँपिअर. फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) अंगठ्यानं दोन सेकंद दाबून धरलं, 1.25.

मग साफसफाई. गिअरच्या डब्यातलं ग्रीस चाळीस वर्षांचं, आटलेल्या काकवीसारखं. आयसोप्रोपिलनं आणि जुन्या टूथब्रशनं ते काढलं, कम्युटेटर (मोटरचा फिरता तांब्याचा भाग, ज्यावर कार्बनचे तुकडे टेकून वीज देतात) पुसला, त्याच्या फटींतली काळी भुकटी टाचणीनं उकरली. पुन्हा मोजलं. चालताना 0.29, अडकल्यावर 1.3. काका म्हणाले, "साफ करून वाढलं कसं?" प्रश्न बरोबर होता. चालतानाचा करंट घटला, कारण घासट कमी झाली. अडकल्यावरचा वाढला, कारण कार्बनची पकड सुधारली आणि वाटेतला रोध कमी झाला. तिथं फक्त व्होल्टेज भागिले रोध एवढाच हिशेब चालतो. डिजिटलवर व्होल्टेज चौदा धरलं तर दीड अँपिअर होतात. सतत एक आणि क्षणभर दोन अँपिअर सोसणारा नऊ तारांचा डिकोडर मागवला. नव्या इंजिनांत आठ पिनांचं सॉकेट असतं, डिकोडर त्यात खोचला की काम झालं. इथं सॉकेट कुठलं? प्रत्येक तार हातानं सोल्डर करायची.

खरी अडचण

या मोटरची जडणघडण समजली तरच पुढचं कळेल. मोटर आडवी, वर एक कार्बन आणि खाली एक कार्बन. प्रत्येक कार्बनवर स्प्रिंग आणि स्प्रिंगला दाबून धरणारी तांबूस धातूची पट्टी. वरच्या पट्टीला एक लांब पोलादी पट्टी टेकते, ती दोन्ही बोग्यांच्या (इंजिनाखालचे चाकांचे संच) एका बाजूच्या चाकांकडून वीज आणते. खालच्या पट्टीला दोन दाते आहेत. ते इंजिनाच्या ओतीव चौकटीवर रुततात, आणि दुसऱ्या बाजूची चाकं बोगीमार्फत त्या चौकटीलाच जोडलेली. म्हणजे अख्खी चौकट हाच एक रूळ. डीसीवर हे फार सुटसुटीत, तारच नको. डिजिटलवर मात्र ही पक्की मरणाची जागा. मोटरची दोन्ही टोकं फक्त डिकोडरला जोडलेली हवीत, रुळाला चुकूनही नाहीत.

डिकोडरमध्ये चार ट्रान्झिस्टरांचा पूल असतो, तो मोटरला वीज देतो. त्या मोटरचं एक टोक चौकटीला टेकलं, तर रुळावरचा सगळा करंट ट्रान्झिस्टरमधून आरपार जातो. कंट्रोलरचा शॉर्ट-रक्षक जागा होईपर्यंत ट्रान्झिस्टर गेलेला असतो.

मोटर रबरी बुच्यांवर बसलेली होती. दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे जोड सोडवले आणि खालून बोटानं ढकललं, मोटर वर आली. खालची पट्टी काढायची होती, कारण मोटरवरच सोल्डर केलं तर कार्बनचं प्लास्टिकचं घर वितळतं. पट्टी काढताना वर बोट ठेवायचं असतं हे मला माहीत होतं. ठेवलंही होतं. तरी टक्‌ असा आवाज झाला आणि स्प्रिंग गेली.

खोलीत मी, काका, नात, एक शिसवी कपाट आणि चटईच्या हजार फटी. आम्ही दोघं गुडघ्यांवर. नात म्हणाली, "तुम्ही उठा आजोबा, मी बघतो." (आमच्याकडं मुली असंच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांनी गोंधळू नये.) तिनं दिवा घालवला, मोबाईलचा टॉर्च फरशीवर आडवा ठेवला आणि गाल जमिनीला टेकवून बघितलं. आडव्या उजेडात केसाएवढ्या वस्तूचीही लांब सावली पडते. कपाटाच्या पायापाशी स्प्रिंगची सावली पडली होती. ही युक्ती मी तेव्हापासून फाउंड्रीतही वापरतो.

पट्टीचे दोन्ही दाते मी कटरनं छाटले. करड्या रंगाची तार सोल्डर केली, पट्टी परत बसवली. वरच्या पट्टीला नारिंगी तार. चौकटीच्या तळाला, मोटरच्या खाली, कॅप्टॉन या वीजरोधक टेपचे दोन थर दिले. मोटर टेबलावर ठेवून मीटर लावला, कार्बन आणि लोखंड यांत काही नाही. चौकटीत बसवून मीटर लावला, बीप नाही. लाल तार एका रुळाकडं, काळी दुसऱ्याकडं. डिकोडर श्रिंक स्लीव्हमध्ये, वरच्या बाजूला दुहेरी टेपवर.

प्रोग्रॅमिंगच्या रुळावर ठेवलं. हा रूळ मुद्दाम हात आखडून करंट देतो, पाव अँपिअरच्या आसपास. तारा चुकल्या असतील तर डिकोडर वाचावा म्हणून. डिकोडर उत्तर कसा देतो, तेही मला फार आवडतं. त्याच्याकडं बोलायला तार नसते. तो मोटर सहा मिलिसेकंद चालवतो, निदान साठ मिलिअँपिअर ओढतो, आणि कंट्रोलर तो धक्का मोजून 'हो' समजतो. इंजिन टिक टिक करत इंचाच्या शंभराव्या भागाएवढं थरथरतं. पत्ता वाचला : 3. कारखान्यातून सगळे डिकोडर 3 नंबरवरच येतात. सगळं बरोबर. मुख्य रुळावर ठेवलं, दिशा पुढे, वेग दहा. इंजिन निघालं, पण उलट्या दिशेनं. नारिंगी-करडी उलटी लागली होती, ते नंतर बघू म्हटलं. वेग वाढवला. एक फेरी. नात टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या फेरीत वळणावर इंजिन अडखळलं, कंट्रोलरचा दिवा लाल झाला, आणि इंजिनाच्या छताच्या जाळीतून एक बारीक पांढरी रेघ वर आली.

आतून काकूंचा आवाज, "काय करपलं ओ?"

काका म्हणाले, "आमचं."

चूक कुठं होती

डिकोडरच्या स्लीव्हवर तपकिरी डाग आणि कुबट वास. साडेतीन हजार रुपयांचा धूर. पहिली शंका मी डिकोडरवरच घेतली, माणूस दुसऱ्यावरच घेतो. माल खराब निघाला असेल, असं काकांना दोनदा सांगितलंसुद्धा. मग मीटर लावला. मोटरचं खालचं टोक आणि चौकट, बीप नाही. पुन्हा लावला, नाही. इंजिन हातात धरून विचार करताना अंगठा फ्लायव्हीलच्या बाजूला टेकला, मोटर रबरावर जराशी तिरकी झाली आणि मीटर ओरडला. अंगठा काढला, गप्प. दाबला, ओरडला.

मोटर बाहेर काढून भिंगातून बघितलं. दाते मी छाटले होते, पण कटरनं छाटलेला धातू चिमटला जातो आणि त्याला धारदार काठ राहतो. दोन खुंट्या राहिल्या होत्या, अर्ध्या मिलिमीटरच्याही नसतील. टेपवर त्यांच्या बरोबर खाली दोन टाचणीएवढी छिद्रं. मोटर थांबलेली असताना रबर तिला वर उचलून धरतं. ती जोरात फिरायला लागली, वळणावर भार आला, की उलट पिळानं रबरावर झुकते आणि खुंटी छिद्रातून चौकटीला टेकते. प्रोग्रॅमिंगच्या रुळावर हे कधीच दिसलं नसतं. सहा मिलिसेकंदांच्या धक्क्यानं मोटर झुकतच नाही. मी केलेल्या तिन्ही तपासण्या खऱ्या होत्या आणि तिन्ही उभ्या इंजिनाच्या होत्या.

फाउंड्रीत मी पोरांना रोज सांगतो की थर्मोकपल भट्टी तापल्यावर तपासा, गार असताना सगळेच बरोबर दाखवतात. असो.

दुसरा प्रयत्न

रविवारी उद्यमनगरात आमच्या ओळखीच्या वायंडिंगवाल्याकडं गेलो. पंपाच्या मोटरी भरणारा माणूस. माझ्या तळहातावरची मोटर बघून आधी हसला, मग टेप बघितली आणि हसायचा थांबला. "टेप कशाला घालतायसा? टेप दाब सोसत नाही. धार आली की फाटलीच. लेदरॉइड घाला की." मोटरच्या खाचांत तांब्याच्या तारा आणि लोखंडाच्या कडा यांच्यामध्ये हाच कागद घालतात, वर्षानुवर्षं थरथर सोसणारा. त्यानं बोटभर तुकडा दिला, पैसे घेतले नाहीत. वर सांगितलं, "कडा वर दुमडा. सपाट ठेवला तर सरकतोय."

या वेळी खुंट्या कानशीनं घासून पट्टीशी सपाट केल्या, बोट फिरवून काही लागत नाही तोवर. कागद द्रोणासारखा, चारही कडा वर दुमडून चौकटीच्या तळात बसवला. आणि मीटर लावताना मोटर चारी बाजूंनी दाबली, उचलली, पिळली. मोटरची दोन टोकं आणि दोन रूळ, म्हणजे चार वाचनं, प्रत्येक वाचन दाबून. 20 मेगओमच्या रेंजवर आकडा हललासुद्धा नाही. या कामाला पाच मिनिटं लागली. पहिल्या वेळी न घालवलेली हीच ती पाच मिनिटं.

आणखी एक विमा उतरवला. लक्ष्मीपुरीतून दुचाकी-चारचाकीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब आणला आणि कंट्रोलर व रूळ यांच्यामध्ये सिरीजमध्ये जोडला. शॉर्ट झाला तर बल्ब पेटतो आणि पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही. नवा डिकोडर पहिला अर्धा तास त्या बल्बमागं चालला. बल्ब पेटला नाही. तो न पेटणारा बल्ब काका इतक्या एकाग्रतेनं बघत होते की त्यांनी इंजिनाकडं पाहिलंच नाही.

आता त्या उलट्या दिशेचं. डिकोडरची सेटिंग ज्या नंबरी खणांत भरतात त्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही 29 मध्ये एक मिळवला की डिकोडर पुढं-मागं अदलाबदल करतो, तार सोडवायची गरज नाही. मी तेच केलं. इंजिन सुलटं धावायला लागलं आणि पुढचा दिवा विझला. कारण ती अदलाबदल दिव्यांनाही लागू होते. मोटर उलटी आणि दिवे सुलटे जोडलेले असतील तर सीव्हीनं एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं. निमूटपणे नारिंगी-करडी सोडवून पालटल्या. लाल-काळी उलटी लागली असती तर काहीच बिघडलं नसतं, डिजिटलमध्ये दिशा रुळावरून ठरत नाही.

दिव्याचंही थोडक्यात. मूळ बल्ब चौकटीवरून वीज घेणारा होता, तो काढला. त्याजागी पिवळसर पांढरा एलईडी, निळ्या तारेत एक किलोओमचा रेझिस्टर, पांढरी तार ऋण टोकाला. दहा मिलिअँपिअरवर भरपूर उजेड पडतो आणि लाल प्लास्टिकचं नाक वितळायची भीती नाही. मोटरवर कपॅसिटर असतो तेव्हा तो काढावा लागतो, कारण डिकोडर मधे मधे वीज थांबवून फिरत्या मोटरचं उलटं व्होल्टेज वाचतो आणि त्यावरून वेग सावरतो. कपॅसिटर ते वाचन बिघडवतो. आमच्या मोटरवर तो नव्हताच.

काकांची गाडी

पत्ता काय द्यायचा? काकांनी विचारलंच नाही, सांगितलं, "सतरा चार बारा." कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्या महालक्ष्मीचा नंबर 17412. पत्ता चार आकडीच बसतो, म्हणून पहिला एक गाळून 7412 केला. कंट्रोलर हे स्वतः करतो, पण मी काकांना कागदावर मांडून दाखवलं : 7412 भागिले 256, भागाकार 28, बाकी 244. सीव्ही 17 मध्ये 192 अधिक 28, म्हणजे 220. सीव्ही 18 मध्ये 244. आणि लांब पत्ता चालू करायला सीव्ही 29 मध्ये 32. त्याच सीव्हीतली डीसीवर धावण्याची परवानगीही काढून टाकली. आता डीसीचा गोल नाहीच, आणि ती चालू ठेवली तर रुळावर गडबड झाली की इंजिन कधी कधी सुसाट सुटतं. म्हणून 29 मध्ये शेवटी 34.

इथपर्यंत मी मास्तर होतो. त्यानंतर खुर्ची काकांनी घेतली. वेग वाढवला तसं इंजिन लगेच उसळलं. काका चिडले. "ही काय गाडी उचलायची रीत झाली? अरे, आधी एक नॉच. कपलिंग ताणू दे. डबे हलले की दुसरा." त्यांच्या अल्कोला आठ नॉच होते. हातातल्या कंट्रोलरला 128 पायऱ्या आहेत, म्हणजे सवय सगळी नव्यानं. सीव्ही 3 मध्ये वेग पकडायला लागणारा वेळ भरतात. भरलेला आकडा गुणिले 0.896, एवढे सेकंद शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत. 20 भरले, अठरा सेकंद झाले. काका : "मोटरसायकल आहे." 40 भरले, छत्तीस सेकंद. आता काका खूष, नात नाराज. गोलाचा घेर सव्वापाच मीटर. छत्तीस सेकंदांत गाडी पूर्ण वेगात यायच्या आत अख्खी फेरी उरकते आणि थांबताना स्टेशनच्या पुढं निघून जाते. "आजोबा, प्रवासी रुळात उतरायला लागतील की!" दोघांच्या भांडणातून 25 आणि थांबायला 15 हे आकडे निघाले, बावीस सेकंद आणि तेरा सेकंद.

कमाल वेगही काकांनीच ठरवला, मनगटावरच्या घड्याळानं. एका फेरीला सतरा सेकंद म्हणजे सेकंदाला एकतीस सेंटिमीटर, 87 नं गुणलं की ताशी सुमारे 97 किलोमीटर. त्यापेक्षा जोरात कोण नेणार, म्हणाले, आणि सीव्ही 5 तेवढ्यावर आणून ठेवला. सीव्ही 2 तीनवर, म्हणजे पहिल्या पायरीला इंजिन खरोखरच सरपटतं. बोगीच्या दांड्या मोजता येतात.

नवं इंजिन पत्ता 3 वर, जुनं 7412 वर, दोन्ही एका गोलावर. नात एक चालवते, काका एक. पहिल्या दिवशी तीन वेळा मागून धडक झाली, तिन्ही वेळा चूक गार्डची ठरली, आणि गार्ड मी होतो.

एक गोष्ट अजून राहिली आहे. या जुन्या इंजिनाची चाकं भुकटी दाबून केलेल्या लोखंडाची आहेत, पृष्ठभाग सच्छिद्र, मळ फार धरतात. डीसीवर एक झटका बसला तरी फ्लायव्हील इंजिन पुढं नेतं. डिजिटलवर वीज तुटली की डिकोडरचा मेंदूच क्षणभर बंद पडतो आणि सावकाश चाललेली गाडी सांध्यावर उभी राहते. निकेल-सिल्व्हरची चाकं मागवायची आहेत, आणि बोग्यांपासून डिकोडरपर्यंत पोलादी पट्टीऐवजी सरळ तारा ओढायच्या आहेत. तोवर दर आठवड्याला चाकं पुसणं आलं.

परवा गेलो तेव्हा सांध्यावर 7412 उभीच होती, दिवा मिणमिणत. मी चाकांकडं बघायला वाकलो. काकांनी मला बाजूला सारलं, डब्यांच्या मागं तर्जनी लावली आणि हलकेच रेटलं.

"घाटात मागून रेटायला बँकर लागतोच," म्हणाले.